गोळे भरायची सवय लागलेल्या हाताचं काय करायचं?

यावेळी बरीचशी पत्रं एकाच विषयावर आलीत, एमपीएससीच्या राज्यसेवेची मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, आता पर्यायांचे गोळे भरायची न राहता डिस्क्रिप्टिव्ह म्हणजे उत्तरं लिहायची झाली त्याबद्दल. नाशिक शहरातून, सिन्नर, निफाड, सटाण्याकडून. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न : ताई, मी सटाण्याचा, सध्या गंगापूर रोडला एका अभ्यासिकेत बसतो. ऑब्जेक्टिव्हचा सगळा अभ्यास झालाय, मागच्या वेळी मेन्स थोडक्यात गेली. आता म्हणे सगळं लिहून काढायचं. केलेलं सगळं वाया गेलं का? रूममेट म्हणतो जुन्या नोट्स रद्दीत घाल आणि पहिल्यापासून सुरू कर.

रूममेटला सांग रद्दीवाल्याला एवढ्यात बोलवू नको. वाया काही गेलेलं नाही, पण तेवढ्यावर भागणार पण नाहीये.

आधी बदल नीट बघ, कारण अर्धी भीती ऐकीव माहितीची असते. जुनी मेन्स सहा पेपरची, ८०० मार्कांची, वर इंटरव्ह्यू १००. आता नऊ पेपर. त्यातले मराठी आणि इंग्रजी ३००-३०० चे, पण ते फक्त पास व्हायचे, २५ टक्के मिळाले की झालं. मेरिटला धरायचे सात, निबंध, जीएसचे म्हणजे सामान्य अध्ययनाचे चार आणि ऑप्शनलचे, म्हणजे आपण निवडलेल्या विषयाचे दोन, प्रत्येकी २५०, म्हणजे १७५०. इंटरव्ह्यू २७५. टोटल २०२५ मार्क. साचा यूपीएससीचाच. आणि हे आभाळातून पडलेलं काही नाही बरं का, २०१२ च्या आधी राज्यसेवा अशीच लिहून द्यायची असायची, ऑप्शनल तर तेव्हा दोन होते, आणि तेव्हा गावाकडून आलेली मराठी मीडियमची पोरं पास झालीच की.

आता तुझ्या नोट्सचं. तुला पाठ असेल, काळाराम मंदिर सत्याग्रह, २ मार्च १९३०, डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड. चार पर्यायांतून गोळा काळा करायला एवढं पुरतं. पण समज प्रश्न असा आला की "मंदिर प्रवेशाच्या चळवळीकडून धर्मांतराच्या निर्णयाकडे झालेला प्रवास स्पष्ट करा", तर तीच तारीख नुसती लिहून काही हाती लागत नाही. तिथे तुला सांगावं लागतं की हा सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला तरी दरवाजा उघडला नाही, मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि प्रत्यक्ष धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालं. मधल्या २१ वर्षांत काय काय झालं, मंदिर उघडण्यापेक्षा राजकीय हक्क आणि शिक्षण याकडे भर का वळला, हे दोनचार वाक्यात जोडता आलं पाहिजे. तारखा तुझ्याकडे आहेतच, मधला "म्हणून" लिहायची सवय नाहीये. आणि तू ते मंदिर आहे त्या पंचवटीपासून गाडीवर पंधरा मिनिटांवर राहतोस, येवला आपल्याच जिल्ह्यात, हे उत्तर तुला नाही जमणार तर कोणाला जमणार.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की नवीन पुस्तकं घेणं थांबव आणि लिहायला बस. यूपीएससीच्या जीएस पेपरात तीन तासात २० प्रश्न असतात, अर्धे १५० शब्दांचे, अर्धे २५० चे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी नऊ मिनिटं, त्यातच वाचायचं, विचार करायचा आणि लिहायचं. गोळे भरत बसलेल्या हाताला सुरुवातीला पाचव्या-सहाव्या उत्तरालाच कळ लागते, अक्षर पांगतं, आणि मग पोरं म्हणतात अभ्यास कमी पडला. अभ्यास कमी नसतो पडत, हात कमी पडतो. रोज दोन उत्तरं, घड्याळ लावून, कोऱ्या कागदावर. मोबाईलवर टाईप केलेलं धरायचं नाही. पहिले पंधरा-वीस दिवस भयंकर लिहिशील, ते कोणाला दाखवू नकोस हवं तर, पण फाडू पण नकोस.

प्रिलिम, म्हणजे पूर्व परीक्षा, मात्र तशीच आहे, ऑब्जेक्टिव्ह, चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांच्या पाव हिस्सा कट, सीसॅटला म्हणजे दुसऱ्या पेपरला ३३ टक्के म्हणजे २०० पैकी ६६ लागतात आणि मेरिट पहिल्या पेपरवर. नाहीतर लिहायच्या नादात प्रिलिमलाच राहशील, असे पण नमुने असतात.

प्रश्न : नमस्कार मॅडम, आमची निफाड तालुक्यात शेती आहे, द्राक्ष आणि कांदा. मुलगी नाशिकला राहून एमपीएससी करते. आता म्हणते पप्पा पॅटर्न बदलला, अजून दोन वर्षं द्या. नातेवाईक लग्नाचं बघा म्हणून मागे लागलेत. पॅटर्न बदलला हे खरं आहे की ही वेळ काढायची गोष्ट आहे? राग मानू नका.

राग कशाचा दादा, खर्च तुम्ही करताय तर विचारणारच. मुलगी खरं बोलतेय. आयोगाने हा बदल २०२२ मध्ये जाहीर केला, २०२३ पासूनच लागू होणार होता. मग पुण्यात मुलं रस्त्यावर बसली की आम्हाला तयारीला वेळ द्या, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने तो २०२५ पासून करायचं ठरवलं. म्हणजे वेळ मागणारी तुमची एकटी मुलगी नाही.

पण दोन वर्षं द्या म्हणणं आणि दोन वर्षात काय करणार ते सांगणं यात फरक आहे, तो तुम्ही विचारायचा. वयाची अट खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३ आहे, त्यामुळे आयोगाकडून दार एवढ्यात बंद होत नाही, आणि नेमकं तेच घातक आहे, कारण थांबायचं कधी हे मग कोणीच सांगत नाही. तिला म्हणा राज्यसेवेबरोबर गट ब, गट क च्या कंबाईनचे, म्हणजे संयुक्त परीक्षेचे फॉर्म भर, त्या परीक्षा ऑब्जेक्टिव्हच आहेत, तिची जुनी तयारी तिथे चालते. हातात एक पोस्ट असली की राज्यसेवेचा पेपर जरा शांत डोक्याने लिहिता येतो.

आणि एक काम तुम्ही स्वतः करा. आठवड्याला तिचं एक उत्तर वाचून दाखवायला सांगा, फोनवर चालेल. सुरुवात कांद्याच्या निर्यातबंदीपासून करा. डिसेंबर २०२३ ला बंदी आली, मे २०२४ ला उठली पण टनाला ५५० डॉलरचा किमान निर्यात भाव आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. यावर तिने काय लिहिलंय ते ऐका. लासलगावला ट्रॅक्टर घेऊन लिलावात उभं राहिलेल्या माणसाला पटत नसेल तर ते उत्तर पुस्तकातून उचललेलं आहे असं समजा. शहरातला ग्राहक, महागाई, सरकारची अडचण ही बाजू पण त्यात आली पाहिजे, ती तुम्हाला आवडणार नाही, तरी ऐकून घ्या.

लग्नाचं मी काय सांगू, ते तिला विचारा, नातेवाईकांना नको.

प्रश्न : मॅडम, माझं बी.एस्सी. ॲग्री झालंय. ऑप्शनल ॲग्रीच घेऊ की मराठी साहित्य? क्लासवाले म्हणतात साहित्य स्कोअरिंग आहे, मानवशास्त्र त्याहून स्कोअरिंग आहे.

क्लासवाल्यांकडे ज्या विषयाचा मास्तर असतो तो विषय स्कोअरिंग असतो. ५०० मार्क आहेत, गमतीत घ्यायचे नाहीत. सिलॅबसची प्रिंट काढ, दोन्ही विषयांची, आणि यूपीएससीचे जुने ऑप्शनलचे पेपर समोर ठेव, कारण नवीन पॅटर्नचे आपले पेपर अजून मोजकेच असणार. ज्या विषयाचे प्रश्न वाचून "हे मला माहितीये, फक्त नीट मांडायचंय" असं वाटतं तो घे. ॲग्रीला तुझी चार वर्षं गेलीत, पण ती इंग्रजीत गेली असतील तर पेपर कुठल्या भाषेत लिहिणार हे आत्ताच ठरव, मराठी शब्द शोधण्यात परीक्षेतला वेळ जाता कामा नये. साहित्य फक्त कविता आवडतात म्हणून घेऊ नको. नाशिककर असल्याने कुसुमाग्रज आपलेच वाटतात ते ठीक, पण पेपरात भाषाविज्ञान पण असतं, ते एकदा उघडून बघ आणि मग सांग.

प्रश्न : यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची डिग्री चालते का?

चालते. पुढचा प्रश्न.

प्रश्न : इंग्रजीचा पेपर ३०० चा आहे हे ऐकून झोप उडालीये. दहावीपर्यंत मराठी शाळा, नंतर आर्ट्स, इंग्रजी कायम काठावर.

काठावरच पास व्हायचंय, ३०० पैकी ७५ पाहिजेत, आणि ते मार्क मेरिटला धरत नाहीत. पण तिथे घसरलात तर बाकीच्या पेपरांचा उपयोग राहत नाही, म्हणून एकदम सोडून पण द्यायचा नाही. निबंध, उताऱ्यावरचे प्रश्न, सारांश असलं असतं, शाळेसारखंच. रोज इंग्रजी पेपरातली एक बातमी घ्यायची आणि तिचा पाच ओळीत सारांश लिहायचा, छोटी वाक्यं, साधा काळ, अवघड शब्द मुद्दाम टाळायचे. महिन्यातून एकदा शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांना नेऊन दाखवा, रिटायर झाले असतील तर अजूनच बरं, त्यांना वेळ असतो आणि लाल पेन त्यांच्याकडे अजून असतंच.