महासाथीत लहान व्यवसायाला मिळालेले सरकारी अनुदान परत करावे लागते का?

शुद्ध अनुदान सहसा परत करावे लागत नाही. मात्र ते कोणत्या अटीवर मिळाले, यावर सारे अवलंबून असते. जर्मनीने 2020 मध्ये पाचपर्यंत कर्मचारी असलेल्या व्यवसायांना तीन महिन्यांच्या खर्चासाठी 9,000 युरोपर्यंत तातडीची मदत दिली, पण ती दुकानभाडे, भाडेपट्ट्याचे हप्ते अशा व्यवसायाच्या चालू खर्चासाठी होती, मालकाच्या घरखर्चासाठी नव्हे. त्यामुळे या खर्चाच्या तुलनेत उत्पन्नातील प्रत्यक्ष तूट अंदाजापेक्षा कमी निघाली, तेव्हा अनेकांना उरलेली रक्कम परत करण्यास सांगण्यात आले. एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांना हा नियम फार जाचक ठरला, असे मला मनापासून वाटते, कारण त्यांचा व्यवसाय आणि त्यांचे घर एकाच मिळकतीवर चालते. अमेरिकेत तर अशा मदतीचे नाव कर्जाचेच होते; किमान 60 टक्के रक्कम पगारावर आणि उरलेली भाडे, वीजबिल यांसारख्या मान्य खर्चावर लावल्यास ते माफ होत असे. भारतातील पंतप्रधान स्वनिधी योजनेत मात्र फेरीवाल्यांना मिळालेले सुरुवातीचे 10,000 रुपये हे व्याजसवलतीचे कर्जच होते. म्हणून मंजुरीपत्रातील ‘अनुदान’ की ‘कर्ज’ हा शब्द आणि त्यासोबतच्या अटी आधी तपासाव्यात आणि त्या महिन्यांच्या भाडेपावत्या, वीजबिले व बँकेचे उतारे एकत्र जपून ठेवावेत.