लिम्फोमाच्या रुग्णाच्या अँटीबॉडी शून्य आल्या, तर कोरोनाची लस वाया गेली का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना फॉलिक्युलर लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा एक कर्करोग) आहे, आजार परत येऊ नये म्हणून द्यायच्या रिटुक्सिमॅब या औषधाच्या मेंटेनन्स सलाईन चालू असतानाच त्यांनी कोरोना लशीचे दोन डोस घेतले, आणि नंतरच्या टेस्टमध्ये अँटीबॉडी शून्य आल्या. तेव्हापासून ते फ्लूचं इंजेक्शनही घ्यायला तयार नाहीत.

लस वाया गेली नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. मलाही हाच आजार झाला, हेच औषध चाललं, आणि जून २०२१मध्ये माझाही रिपोर्ट असाच आला होता. मी डॉक्टर नाही. सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. रोगाशी लढणाऱ्या बी आणि टी या पांढऱ्या पेशींची आकृती वीस वर्षं फळ्यावर काढत आले, पण तिचा खरा अर्थ आजारपणातच कळला.

२०१९च्या शेवटी मानेतल्या गाठीवरून निदान झालं. सहा केमो झाल्या आणि मग दर दोन महिन्यांनी रिटुक्सिमॅब सुरू झालं. १ मार्च २०२१पासून पंचेचाळीस वर्षांपुढच्या आजारी माणसांना लस मिळू लागली. सरकारच्या वीस आजारांच्या यादीत लिम्फोमा होता. डॉक्टरांचा दाखला दाखवून मी त्याच महिन्यात कोविशिल्ड घेतली, दुसरा डोस मेमध्ये. जूनमध्ये घरच्यांच्या आग्रहाखातर अँटीबॉडी तपासल्या, तर निगेटिव्ह. त्याच आठवड्यात माझ्या जावेचा आकडा आला होता '२५०पेक्षा जास्त'. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

नंतर कळलं की माझी टेस्टच चुकीची होती. लॅबने न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी तपासल्या होत्या. कोविशिल्ड शरीराला फक्त स्पाइक, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या काट्यांचं प्रथिन ओळखायला शिकवते. म्हणजे ज्याला कधी कोरोना झालाच नाही असा धडधाकट माणूस, लस उत्तम लागू पडूनही, त्या टेस्टमध्ये निगेटिव्हच येणार. लॅबमधल्या कुणीही हे सांगितलं नव्हतं. म्हणून आधी बाबांच्या रिपोर्टवर टेस्टचं पूर्ण नाव काय लिहिलंय ते बघा. मी स्पाइकची टेस्ट पुन्हा करून घेतली. ०.४पेक्षा कमी. या वेळी टेस्ट बरोबर होती, तरी उत्तर तेच.

याचं कारण औषधात आहे. फॉलिक्युलर लिम्फोमा हा बी पेशींचा आजार. त्यांच्या अंगावर सीडी२० नावाचं प्रथिन असतं आणि रिटुक्सिमॅब ते पकडून पेशी मारतं. गाठीतल्या रोगट बी पेशी मरतात, पण निरोगी बी पेशींच्या अंगावरही तीच खूण असते, म्हणून त्याही जातात. लस टोचल्यावर ज्या पेशी वाढून अँटीबॉडी बनवणार, त्याच जागेवर नसतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वाफ्यातली रोपं उपटली गेली. आता पाणी कितीही द्या, पीक कुठून येणार? मात्र कोठारातलं जुनं धान्य तसंच राहतं. आधीच तयार झालेल्या, अँटीबॉडी सोडणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतं, म्हणून आयुष्यभरात कमावलेल्या जुन्या अँटीबॉडी बऱ्याच अंशी टिकतात. अडचण नव्या विषाणूची असते.

इस्रायलमध्ये सीएलएल या रक्ताच्या कर्करोगाच्या १६७ रुग्णांना फायझरची लस दिल्यावर तपासलं, तर अँटीबॉडी ३९.५ टक्के लोकांतच आढळल्या. उपचार संपून आजार आटोक्यात असलेल्यांत हे प्रमाण ७९ टक्क्यांवर होतं, उपचार चालू असलेल्यांत १६. आणि ज्यांना गेल्या बारा महिन्यांत रिटुक्सिमॅबच्या जातीचं औषध मिळालं होतं, त्यांच्यापैकी एकातही नाही. हा शेवटचा आकडा वाचून मला उलट धीर आला. माझ्या शरीराने काही कसूर केली नव्हती. औषध त्याचं काम करत होतं.

(स्तन, फुफ्फुस, आतडं अशा घन गाठींच्या रुग्णांचं चित्र बरंच चांगलं आहे. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालय आणि फ्रान्सिस क्रिक संस्थेच्या 'कॅप्चर' अभ्यासात ५८५ कर्करुग्ण होते. काहींना फायझरची लस, काहींना अ‍ॅस्ट्राझेनेकाची, म्हणजे पुण्यात कोविशिल्ड या नावाने बनली तीच. दोन डोसनंतर घन गाठीवाल्यांपैकी ८५ टक्क्यांत अँटीबॉडी दिसल्या, रक्ताच्या कर्करोगात ५९ टक्क्यांत.)

आता तुमच्या प्रश्नाचं मूळ. 'कॅप्चर' अभ्यासातच ८० टक्के रुग्णांमध्ये लशीमुळे तयार झालेल्या टी पेशी सापडल्या. टी पेशींवर सीडी२० जवळपास नसतंच, त्यामुळे रिटुक्सिमॅब त्यांच्या वाटेला फारसं जात नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना लस देऊन तपासलं. तो मज्जासंस्थेचा आजार आहे, कर्करोग नाही, पण त्यांना औषध सीडी२०वरचंच चालू होतं. अँटीबॉडी तुटपुंज्या, टी पेशी मात्र चांगल्या तयार झाल्या होत्या. त्याच विद्यापीठाने कोरोनाने रुग्णालयात दाखल झालेले रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण पाहिले, तेव्हा सीडी८ जातीच्या (विषाणूने ग्रासलेल्या पेशी मारणाऱ्या) टी पेशी जास्त असलेले रुग्ण जास्त वाचले. रिटुक्सिमॅबसारखं औषध घेतलेलेसुद्धा. बाबांच्या रिपोर्टमध्ये या पेशींचा मागमूसही नसतो, कारण नेहमीच्या लॅबमध्ये त्या मोजतच नाहीत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२१मध्येच सांगितलं होतं की लशीनंतर संरक्षण किती आहे हे ठरवायला अँटीबॉडी टेस्ट वापरू नका.

पण म्हणून बाबा बिनधास्त फिरू शकतात असंही नाही, आणि हे मी तितक्याच कळकळीने सांगते. टी पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशी मारतात. विषाणूला दारात अडवणं हे अँटीबॉडींचं काम. त्या नसतील तर लागण सहज होते आणि विषाणू अंगात रेंगाळतो. जानेवारी २०२२मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत मला कोरोना झाला. घरातले सगळे आठवड्यात बरे झाले, माझा आरटीपीसीआर पाच आठवडे पॉझिटिव्ह येत राहिला. ऑक्सिजन लागला नाही, पण रिटुक्सिमॅब पुढे ढकलावं लागलं, आणि त्या काळात गाठ परत येईल का ही भीती कोरोनाच्या भीतीहून मोठी होती.

आता काय करायचं? शेवटची सलाईन कधी झाली ती तारीख काढा. बी पेशी साधारण सहा ते बारा महिन्यांत परत येऊ लागतात. सलाईन संपल्या असतील तर सहा महिने उलटल्यावर बूस्टर घ्यावा का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. चालू असतील तर पुढच्या सलाईनच्या आधी लस कधी बसवता येईल ते विचारा. मात्र स्वतःच्या मनाने औषधाचा डोस पुढे ढकलू नका. रक्तातलं आयजीजी (रक्तातल्या मुख्य जातीच्या अँटीबॉडींचं एकूण प्रमाण) किती आहे हेही एकदा तपासून घ्या, कारण दीर्घकाळ रिटुक्सिमॅब घेतल्यावर ते घसरू शकतं. माझी शेवटची सलाईन जून २०२२मध्ये झाली. सात महिने थांबून मी बूस्टर घेतला आणि महिन्याने स्पाइक टेस्ट केली. आकडा ६२ आला. आधीच्या लागणीचाही त्यात वाटा असणार, पण वाफ्यात रोपं पुन्हा उगवली होती, एवढं नक्की.

फ्लूबद्दल बाबांना सांगा की दंडात घ्यायच्या इंजेक्शनमध्ये जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे त्यातून फ्लू होत नाही. नाकात फवारायची लस मात्र जिवंत विषाणूची असते, ती त्यांना द्यायची नाही. आणि तुम्ही, आई, घरी येणारी नातवंडं, सगळ्यांनी आपापली फ्लूची लस दरवर्षी घ्या. ज्याच्या अंगात अँटीबॉडी तयार होत नाहीत, त्याला त्या घरातल्यांच्या अंगात असाव्या लागतात. आमच्याकडे जाऊ दर जूनमध्ये सगळ्यांना रिक्षात घालून नेते.

बाबांना ताप १००.४च्या वर गेला तर 'उद्या बघू' म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि कोरोनाची टेस्टही त्याच दिवशी करा. विषाणूविरोधी गोळ्यांचा उपयोग पहिल्या पाच दिवसांतच होतो, आणि अशा रुग्णात नुसता तापसुद्धा पांढऱ्या पेशी घसरल्याची खूण असू शकतो.