‘ऑन टेंटरहुक्स’चा अर्थ काय आणि तो आला कुठून? ‘टेंडरहुक्स’ लिहिलं तर चालतं का?

चालत नाही. आमचे दाजी हायस्कुलात इंग्रजी शिकवतात आणि तेही ‘टेंडर’च म्हणतात, म्हणून जरा फोडून सांगतो.

भाचीचा बारावीचा निकाल लागायचा होता, सगळे जेवायला बसलेलो. ती म्हणाली, “मामा, आय अ‍ॅम ऑन टेंटरहुक्स.” दाजींनी लगेच दुरुस्त केलं: टेंडरहुक्स, खाटीक कोवळं मटण टांगतो तो आकडा! मी इचलकरंजीत प्रोसेस हाऊसला (कापड रंगवून तयार करायचा कारखाना) स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून वाळवायच्या मशीनवर होतो. म्हटलं, दाजी, टेंटर हा आमच्या मशीनचा आजा आहे. तर म्हणाले, “तुम्ही कापड बघा, इंग्रजी मी बघतो.” ताईनं मध्ये पडून रस्सा वाढला.

इंग्लंडात लोकरीचं कापड विणल्यावर धुऊन, कुटून घट्ट करत. ओलं तसंच सोडलं तर ते आटतं, वेडंवाकडं वाळतं. म्हणून उघड्यावर लाकडी चौकटीवर ताणून ठेवत. चौकट म्हणजे टेंटर; तिच्या वरच्या-खालच्या पट्टीला ठोकलेले वाकडे खिळे म्हणजे टेंटरहुक्स. कापडाच्या किनारी त्यांत अडकवायच्या. मूळ लॅटिन ‘तेंदेरे’, म्हणजे ताणणे. कोवळं या अर्थाच्या ‘टेंडर’चा इथं काही संबंध नाही. लंडनला स्पिटलफील्ड्स या जुन्या विणकरांच्या भागात ‘टेंटर ग्राउंड’ नावाची गल्ली अजून आहे. १८व्या शतकापर्यंत कापडासारखा माणसाचा जीवही या आकड्यांवर चढला होता.

स्टेंटरवर तेच काम साखळी करते. दोन्ही बाजूंच्या पिना किनार धरतात आणि कापड गरम हवेच्या चेंबरमधून जातं. पॉलिस्टर सेट करायचं तर १८० डिग्रीच्या पुढं. नव्या पँटपीसच्या काठाला बारीक भोकांची ओळ दिसते ना, ती या पिनांची. दाजींचा सफारीचा पीस शिंप्याकडे जायच्या आधी मी त्यांना ती ओळ बोट लावून दाखवली. तर म्हणतात, “हो, पण हे स्टेंटर झालं.” आता बोला! शब्द कामातून आला असेल तर आधी कामवाल्याला विचारावं, डिक्शनरी नंतर उघडावी.

अर्थ राहिलाच: जीव टांगणीला लागणं. पण कुठल्याही घाबरण्याला हे चिकटवू नका. भाषणाआधी पोटात गोळा येतो, ते हे नव्हे. काहीतरी कळायचं बाकी असावं लागतं; निकाल, ऑपरेशन, नोकरीचं पत्र असलं काही.