मुलीच्या फीची ठेव मोडून गोधडीचं प्रशिक्षण घ्यावं का?

पारनेर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमचा दहा जणींचा बचत गट आहे. एक खासगी संस्था गोधडी आणि बाळाची दुपटी शिवण्याचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण देणार आहे. फी प्रत्येकी १२,००० रुपये. शिवाय मोटरच्या पाच शिलाई मशिनी त्यांच्याकडूनच घ्यायच्या, एक २२,००० ला. तीन वर्षं सगळा माल परत घेण्याची हमी आहे. दुपट्याला ५०० रुपये देणार, त्यातून त्यांनी दिलेल्या कापडाचे ३५० वजा. सगळे मिळून २,३०,००० लागतील. बाकीच्यांकडे आत्ता पैसे नाहीत, म्हणून माझी दीड लाखाची मुदतठेव मोडून वर ८०,००० चं सोनेतारण काढायचा विचार आहे. ठेव मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेली आहे, फी दोन वर्षांनी भरायची आहे. आमचा गट उमेदमध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात आहे आणि हप्ता कधी थकलेला नाही. गावात खुरपणीला सहा तासांचे ३०० रुपये मिळतात. हे पैसे घालू का?"

ताई, ठेव मोडू नका, सोनं तारण ठेवू नका आणि या संस्थेला आगाऊ एक रुपयाही देऊ नका. गोधडीचं काम मात्र जरूर सुरू करा. तुमच्या बेतात सगळा पैसा शिकण्यावर आणि मशिनींवर चालला आहे. या धंद्यात पैसा अडकतो तो कापडात, मजुरीत आणि दुकानदाराकडून यायच्या येण्यात. त्याची तरतूद तुमच्या २,३०,००० मध्ये कुठेच दिसत नाही.

आधी त्यांच्या हमीचा हिशोब करू. दुपटं ३६ बाय ४५ इंचांचं धरा. धावदोऱ्याच्या ओळी एकेक इंचावर घातल्या तर ४५ इंचांच्या ३६ ओळी होतात, म्हणजे १,६२० इंच टाका. सराव झालेला हात तीन पदरी सुती कापडातून तासाला दोनशेक इंच जातो, तेव्हा नुसत्या टाक्याला आठ तास. कापणं, पदर टाचणं आणि कडा दुमडणं याला आणखी तीन. असे अकरा तास घालून हातात येणार १५० रुपये, तासाला साडेतेरा. खुरपणीत तासाला ५० पडतात. आणि नमुना पाहून संस्थेने ओळी अर्ध्या इंचावर मागितल्या तर टाक्याचे तास दुप्पट होतील, एका दुपट्याला एकोणीस तास लागतील आणि तासाचे आठ रुपयेही सुटणार नाहीत. करारात ओळींमधलं अंतर लिहिलंय का ते आधी पाहा. ते नसेल तर त्या ५०० रुपयांच्या दराला काही अर्थ नाही.

"सगळा माल घेऊ" या वाक्यापुढे बहुतेक वेळा "गुणवत्तेनुसार" असा शब्द असतो. नापास माल कोण ठरवणार, नापास मालाच्या कापडाचे ३५० कोणाच्या अंगावर पडणार, पैसे किती दिवसांत येणार, या तिन्ही गोष्टी लेखी मागा. आधी शिकून गेलेल्या एखाद्या गटाला भेटा आणि त्यांचं पासबुक बघा, संस्थेकडून पैसे जमा झाल्याच्या नोंदी त्यात दिसायला हव्यात. सगळ्यात चांगली कसोटी अशी: त्यांना सांगा, आधी तीस दुपट्यांची ऑर्डर द्या, फी त्या पैशातून कापून घ्या. मालाला खरंच गिऱ्हाईक असेल तर ते तयार होतील. फक्त फीच हवी असेल तर कारणं सांगतील.

आता ठेवीबद्दल. मुदतीआधी मोडली तर बँक व्याज कमी करते आणि बहुतेक ठिकाणी वर दंडही लावते, पण तो तोटा किरकोळ आहे. खरी अडचण वेगळी. फी भरायची तारीख ठरलेली आहे, गोधडीचे पैसे कधी येतील ते ठरलेलं नाही. सोनेतारणाचंही तसंच. त्याची मुदत बहुधा वर्षाची असते आणि धंद्याचं पहिलं वर्ष हात बसण्यात जातं. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण गटात ही बोलायला अवघड जाते. बेत दहा जणींचा आहे आणि कर्ज तुमच्या एकटीच्या नावावर. दोघी-तिघी मधेच थांबल्या तर त्यांच्या वाटणीचे पैसे मागायला तुम्हालाच दारोदार जावं लागेल. त्यात पैसेही जातात आणि गटही मोडतो.

शिकण्यासाठी १,२०,००० घालायची गरज नाही. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिला सगळे आरसेटी म्हणतात. तिथलं प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत असतं आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावाही होतो. शिवणकामाची बॅच कधी आहे आणि वयाची अट काय, हे तुमच्या सीआरपी ताईंना, म्हणजे गावात उमेदचं काम बघणाऱ्या ताईंना, विचारायला सांगा. गटात जी आधीपासून हातशिलाईचं किंवा शिंपीकाम करते, तिला पीएम विश्वकर्मा योजनेत अर्ज करता येईल. त्यात पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. एका कुटुंबातून एकीलाच घेतात, म्हणून दहाही जणींना मिळेल असं धरून चालू नका. योजनेत ५ टक्के व्याजाने एक लाखापर्यंत कर्जही मिळतं, पण ते आत्ता घेऊ नका.

गोधडी घालणं मात्र तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांइतकं कोणीच शिकवू शकणार नाही. ज्यांच्या ओळी सरळ पडतात अशा दोघींना रोजाने बोलवा, दिवसाला ४०० द्या. वीस दिवस दोघी आल्या तर १६,००० होतात, म्हणजे संस्थेच्या दोघींच्या फीहूनही कमी. त्यांना नवं शिकायचं ते एवढंच, की प्रत्येक नग ठरल्या मापाचा निघाला पाहिजे.

पाच मशिनीही नकोत. तुमच्या मालाला किंमत आहे ती हातच्या टाक्याची. वरचे तुकडे जोडायला आणि कडा मारायला एक मशीन पुरते, आणि ती गटात कोणाकडे तरी असतेच. पुढे घ्यावी लागली तर आधी तालुक्याच्या दोन दुकानांत भाव काढा.

पैसा कुठे अडकतो ते आता आकड्यांत पाहा. माझे भाव अंदाजाचे आहेत, त्या जागी तुमच्या बाजारातले घाला. दुपट्याच्या वरच्या आणि खालच्या पदराला सव्वा-सव्वा मीटर छापील सुती कापड लागतं, ११० च्या भावाने २७५ रुपये. मधल्या पदराला सव्वा मीटर मलमल, ७५. दोरा, धुलाई, पिशवी आणि लेबल मिळून ४०, कापताना व धुतल्यावर आटून होणारी तूट २०. साहित्य झालं ४१० रुपयांचं. अकरा तासांची मजुरी ५० ने ५५०. घरात पडलं ९६० ला. गटाच्या निधीसाठी ९० धरले तर १,०५० च्या खाली देणं परवडत नाही.

दहा जणींनी आठवड्याला तीन-तीन दुपटी केली तर महिन्याला १२० होतात. साहित्य ४९,२०० आणि मजुरी ६६,०००. शहरातलं दुकान बहुधा माल आधी ठेवून घेतं, विकला की पैसे देतं, त्यात सहज तीन महिने जातात. म्हणजे पहिला पैसा हाती येईपर्यंत ३,४५,६०० रुपये बाहेर अडकलेले असतात. असे गट बंद पडतात ते इथे. माल वाईट नसतो, पण दुसऱ्या महिन्याची मजुरी द्यायला पैसे नसतात आणि बाया पुन्हा खुरपायला जातात. त्यात त्यांची चूक नाही.

म्हणून सुरुवात छोटी करा. तीस दुपटी करा. साहित्याला १२,३०० लागतील, मजुरीला १६,५००. शिकवणाऱ्या दोघींचे १६,००० धरून सगळे ४४,८०० होतात. गटाच्या बचतीतून, अंतर्गत कर्ज म्हणून, ठराव लिहून घ्या. तेवढी शिल्लक नसेल तर पंधरा दुपट्यांनी सुरू करा. मोठी गोधडी पहिल्या फेरीत नको. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीत इंचा-इंचावर ओळी घातल्या तरी ५,४०० इंच टाका होतो. नुसत्या टाक्याला सत्तावीस तास जातात आणि ती विकली जाईपर्यंत पैसे तिच्यातच बसून राहतात.

या तीस नगांत काय बिघडतं ते आधीच सांगतो. नवं कापड न धुता वापरलं तर पहिल्या धुलाईत वरचा पदर आटतो, मलमल वेगळी आटते, आणि दुपटं बोळ्यासारखं होतं. तिन्ही कापडं कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. लाल, गडद निळं आणि काळं कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाळाच्या दुपट्याला वापरू नका, मिठाच्या पाण्यात टाकून पक्कं होईल या भरवशावर राहू नका. ओळींमध्ये फार अंतर ठेवलं तर मधला पदर सरकून एका कोपऱ्यात गोळा होतो. टाके घालण्याआधी तिन्ही पदर एकत्र पसरून वीतभर अंतरावर कच्च्या दोऱ्याने टाचा आणि टाचायला सुरुवात मधून करा, कडेने केलीत तर मध्ये फुगा येतो.

सुईची शिस्त सगळ्यात कडक ठेवा. दुपट्यात राहिलेली एक सुई बाळाला टोचू शकते. प्रत्येकीला सकाळी मोजून सुया आणि टाचण्या द्या, संध्याकाळी मोजून परत घ्या, वहीत लिहा. मोडलेल्या सुईचे दोन्ही तुकडे मिळाल्याशिवाय तो नग पुढे जाता कामा नये. तयार माल चुलीच्या खोलीत ठेवू नका, धुराचा वास दोन धुलायांनीही जात नाही.

विक्रीत एक गैरसमज फार आहे, की दुकानात नुकसान आणि प्रदर्शनात फायदा. दुकानाने ४० टक्के कापले तर १,०५० मिळण्यासाठी छापील किंमत १,७५० ठेवावी लागेल. प्रदर्शनात १,३०० ला विकलं, पण दोघींचा प्रवास, राहणं आणि स्टॉल मिळून तीन दिवसांना ९,००० गेले आणि ४० नग खपले, तर नगामागे २२५ खर्च पडतो, उरतात १,०७५. म्हणजे फरक जवळजवळ नाही. ४० ऐवजी वीसच खपले तर ८५० हातात येतात, म्हणजे घरात पडलेल्या किमतीहूनही कमी. उमेदचं मुंबईतलं महालक्ष्मी सरस चांगलं आहे, पण तिथे जाण्यासाठी साठा हवा आणि जिल्ह्याकडून निवड व्हायला हवी. पहिली तीस दुपटी तालुक्यातल्या आणि नगरमधल्या प्रसूतिगृहांजवळच्या दुकानांत, ओळखीच्या घरांत आणि पुण्याच्या एखाद-दोन दुकानांत पाच-पाच करून ठेवा. कुठल्या रंगाची आधी गेली ते लिहून ठेवा, पुढचं कापड त्यावरूनच घ्यायचं आहे.

गटाची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, करून घ्या, तिला फी नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत देणं खरेदीदाराला कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी दुकानाने माल विकत घेतल्याचं बिल हवं, नुसतं "ठेवून जा" असेल तर हा नियम उपयोगी पडत नाही. महाराष्ट्रातच विकणार असाल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

तुमच्या भागात कांदा लावण आणि काढणी सुरू झाली की उक्त्या कामात बायांना ३०० पेक्षा बरेच जास्त मिळतात. त्या दिवसांत त्या दुपटी शिवणार नाहीत आणि त्यांना अडवूही नये. त्या आठवड्यांत देण्याची तारीख पडेल अशी ऑर्डर घेऊ नका. मोकळ्या महिन्यांत साठा करा. पैसे नगावर द्या, दर शनिवारी द्या, आणि माल विकला जाण्याची वाट न बघता द्या.

तीन महिन्यांनी वही उघडा. तीसपैकी निदान वीस विकली गेली असतील, पैसे आले असतील आणि खर्च वजा जाता तासाला ५० सुटत असतील, तर बँकेकडे जा. उमेदच्या गटांना तीन लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं आणि तुमची परतफेड चोख आहे, तेव्हा गटाच्या नावावर एक लाख घ्या, दहाही जणींच्या सह्यांनी. सगळी रक्कम कापड आणि मजुरीसाठीच ठेवा. महिन्याला १२० ऐवजी ४० नग धरलेत तर अडकणारी रक्कम १,१५,२०० च्या आसपास राहते, गटाच्या बचतीची जोड देऊन ती पेलते. तासाला ३० ते ४० सुटत असतील तर कर्ज घेऊ नका, त्याच पैशात दुसरी फेरी करा आणि ओळी सव्वा इंचावर नेऊन किंवा किंमत वाढवून बघा. वीसच्या खाली विकली असतील तर उरलेली दुपटी मजुरी निघेल एवढ्या भावाने काढून टाका आणि थांबा. तेव्हा गटाचे काही हजार गेलेले असतील, ते दहा जणींत वाटले जातील.

ठेवीचं नूतनीकरण करताना मुदत अशी निवडा की पैसे मुलीच्या प्रवेशाच्या महिनाभर आधी खात्यात येतील, आणि नॉमिनी म्हणून तिचं नाव लागलंय का ते बँकेत एकदा तपासून घ्या.