उत्तर: घरातल्या घरात फोटो कशाचे काढायचे?

ताई, तुमचा प्रश्न वाचला, दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नाही म्हणून सविस्तर लिहितोय. तुम्ही म्हणताय की भावाचा जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) त्याच्यासोबत मिळालेल्या १८-५५ एमएमच्या किट लेन्ससकट तुमच्याकडे आलाय, डोंबिवलीत दोन खोल्यांचं घर, किचनची खिडकी पूर्वेला आणि समोर लगेच दुसरी बिल्डिंग, सकाळची लोकल, घरी सासूबाई आणि लहान मुलगी, आणि बाकीच्यांचे लडाख-ताडोबाचे फोटो बघून वाटतं की आपल्याकडे काढण्यासारखं काहीच नाही, मग ५० एमएमची लेन्स घेतली तर काही फरक पडेल का. लेन्सचं शेवटी सांगतो. आधी उजेडाचं, कारण फोटो निघतो तो उजेडाचा आणि उजेड तुमच्या घरात रोज येतोच आहे.

मी कोल्हापूरचा. आमच्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो तो तुम्ही बातम्यांत बघितला असेलच, मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात, पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. आपले बहुतेक सण तिथीवर चालतात, हा मात्र तारखेवर, कारण इथे हिशोब फक्त सूर्याचा आहे. २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात जास्त दक्षिणेला मावळतो, त्याच्या साधारण ४१ दिवस आधी आणि तेवढेच दिवस नंतर त्याची मावळायची जागा एकच असते, म्हणून वर्षातून दोनदा. आता हे गणित काही देवळापुरतं नाही ना, कुठल्याही खिडकीला, कुठल्याही झरोक्याला, जिन्यातल्या जाळीला ते लागू आहे. डोंबिवलीच्या अक्षांशावर सूर्य उगवायची जागा जून ते डिसेंबर जवळपास ५० अंश सरकते. म्हणजे तुमच्या किचनमध्ये जो उन्हाचा पट्टा आज मिसळणाच्या डब्यावर पडतोय तो दोन आठवड्यांनी तिथे नसणार, आणि काही महिन्यांनी तो परत त्याच जागी येणार. दोन बिल्डिंगच्या मधल्या फटीतून येणारं ऊन तर वर्षातले थोडेच दिवस एखाद्या भिंतीला लागतं आणि जातं. घरातल्या कुणाला ते ठाऊकही नसतं, कारण त्या वेळी सगळे डब्याच्या आणि लोकलच्या घाईत.

माझं म्हणणं एवढंच आहे, घरातली एक जागा धरा आणि वर्षभर तिचा उजेड बघा. कॅमेरा हातात नसला तरी चालेल. पट्टा कुठे पडला ते बघायचं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेत बारीक खूण करायची, बास. एकदा ही सवय लागली की रोजचं घर रोजचं राहत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतोय. दुपारी आपल्याला वाटतं सूर्य कायम दक्षिणेच्या बाजूला असतो, पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तुमच्याकडे तो माथ्याच्या किंचित उत्तरेला जातो, त्यामुळे ज्या उत्तरेच्या खिडकीत कधीच ऊन येत नाही म्हणतात तिथेही थोडी तिरीप येते. उलट डिसेंबरात भर दुपारी तो ४७ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं. तुमच्या पूर्वेच्या किचनला संध्याकाळी काही मिळणार नाही असं समजू नका. समोरच्या बिल्डिंगच्या काचांवर मावळतीचं ऊन आपटून उलट तुमच्याकडे येऊ शकतं, पाच-सात मिनिटं भिंतीवर वेडावाकडा सोनेरी चौकोन हलत असतो. काच जरा वाकलेली असते म्हणून त्याच्या कडा पाण्यासारख्या दिसतात. माझ्या मते शहरातल्या फ्लॅटमध्ये मिळणारा सगळ्यात सुंदर उजेड हाच.

आता काही करण्यासारख्या गोष्टी. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, दिवसा फोटो काढताना ट्यूबलाइट बंद करा. आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर ट्यूब लावायची सवय असते, आणि ती चारी बाजूंनी सगळं सपाट करून टाकते. फक्त खिडकीचा उजेड ठेवा, सासूबाईंना खिडकीशेजारी बसू द्या, त्या वाती वळत असतील, लसूण सोलत असतील, जे काय करत असतील ते करू दे, आणि तुम्ही खिडकीला समांतर उभ्या राहा. एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूला सावली, हातावरच्या शिरा, कापसाचा तंतू, बांगडीची कड, सगळं दिसायला लागेल. त्या हातभर मागे सरकल्या तर उजेड किती झटकन कमी होतो तेही बघा, खिडकीपासून जितकं लांब तितका उजेड मंद होत जातो.

दुसरं म्हणजे चहाची वाफ. लोक म्हणतात वाफ फोटोत येतच नाही. येते, पण उजेड वाफेच्या मागून यायला हवा आणि पार्श्वभूमी काळोखी हवी. कप खिडकीपाशी, खिडकी कपाच्या मागे पण फ्रेमच्या जरा बाहेर, आणि मागे कपाटाची गडद बाजू. तसंच उदबत्तीचं करून बघा, धूर आधी सरळ दोरीसारखा वर जातो आणि मग एका उंचीला एकदम विस्कटतो, ती विस्कटायची जागा टिपायला मजा येते. आणि नीट बघाल तर उजेडात उदबत्तीचा धूर निळसर दिसतो आणि चहाची वाफ पांढरी, कारण धुराचे कण फार बारीक असतात, ते निळा रंग जास्त विखुरतात, आणि वाफेतले पाण्याचे थेंब त्या मानाने मोठे. हे मला कळलं तेव्हापासून देवघरासमोर बसलं की मी आधी धुराचा रंग बघतो.

एक्स्पोजरबद्दल, म्हणजे फोटो किती उजळ किंवा गडद येतो त्याबद्दल, एकच गोष्ट लक्षात ठेवा, कॅमेऱ्याला वाटतं समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे. आमच्याकडे गंगावेशीत दूध कट्टा आहे, म्हशी आणून समोर धार काढून देतात, तिथे ऑटोवर फोटो काढला की काळीभोर म्हैस राखाडी येते आणि मागचा उजेड फटफटीत. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यातलं अधिक-उणे चिन्हाचं सेटिंग) उणे एक किंवा दीड करा, म्हैस काळी होते आणि तिच्या पाठीवरून घसरणारं सकाळचं ऊन तेवढं चमकतं. पांढऱ्या रांगोळीला आणि मोगऱ्याच्या गजऱ्याला उलटं, अधिक करायचं, नाहीतर मळकट दिसतात. मोबाइलवर काढत असाल तर स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल, मग बोट खाली ओढलं की अंधारतं, वर ओढलं की उजळतं. बहुतेक फोनमध्ये हे असतंच, आणि घरातल्या फोटोंसाठी शंभरातले नव्वद वेळा खालीच ओढायला लागतं. लोकलमध्ये काढायला मोबाइलच बरा, पण डब्यातल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, विचारलं तर बहुतेक जणी हो म्हणतात आणि भाजी निवडता निवडता गप्पाही होतात.

मग दिवेलागण. ही वेळ मला वर्षानुवर्षं सगळ्यात आवडलेली. सूर्य बुडाल्यावर आपल्याकडे उजेड फार पटकन जातो, वीस-बावीस मिनिटांत खेळ आटोपतो, आणि त्यातल्या मधल्या काही मिनिटांत बाहेरचं आकाश आणि घरातला दिवा यांचा उजेड सारखा होतो. तेव्हा खिडकीसकट खोलीचा फोटो काढा. पण व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातलं उजेडाचा रंग ठरवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, डेलाइटवर ठेवा, कारण ऑटो त्या दोन रंगांना ओढून ताणून एक करायला बघतो. डेलाइटवर बाहेरचं निळं राहतं, आतला बल्ब पिवळा राहतो, आणि देवापुढची समई तर केशरीच. मुलगी खिडकीशी उभी असेल तर तिच्या एका गालावर निळा आणि दुसऱ्यावर पिवळा उजेड येतो. हिवाळ्यात तुम्हाला सुट्टीच्या दिवशीच हे जमेल, लोकल वेळेत मिळाली तर उन्हाळ्यात कदाचित रोजही.

मुलीसाठी एक खास गोष्ट सांगतो. रविवारी दुपारी एक खोली पूर्ण अंधारी करा, खिडकीला काळा कागद किंवा पुठ्ठा चिकटवा, फटी कापडाने बुजवा, आणि पुठ्ठ्याला मधोमध साधारण एक सेंटिमीटरचं भोक पाडा. बाहेर लख्ख ऊन पाहिजे. पाच-दहा मिनिटं डोळे सरावू द्या, आणि समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उलटा दिसायला लागेल, रिक्षा छताकडून चालतायत, आकाश खाली जमिनीशी, वाळत घातलेल्या साड्या वरच्या दिशेला फडफडतायत. लेन्स नाही, वीज नाही, नुसतं भोक. त्याचा फोटो काढायचा तर कॅमेरा टेबलावर ठेवून शटर दहा-पंधरा सेकंद उघडं ठेवा. जुन्या कौलारू घरात दुपारी जमिनीवर कवडसे पडायचे तेही हेच, कौलांची फट कशीही वाकडी असो, कवडसा गोलच पडतो, कारण तो त्या फटीतून पडलेला सूर्याचाच फोटो असतो. २६ डिसेंबर २०१९ ला दक्षिण भारतात कंकणाकृती ग्रहण झालं, आपल्याकडे खंडग्रास होतं, त्या सकाळी जिथे आभाळ मोकळं होतं तिथे झाडाखाली कवडशांच्या जागी शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या, लोक मात्र वर बघण्यात गुंतलेले. (सूर्याकडे थेट कॅमेऱ्यातूनही बघू नका, डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून तर अजिबात नाही.)

आणि १६ मेच्या आसपास सुट्टीचा दिवस मिळाला तर शून्य सावली बघा. डोंबिवलीत त्या दिवशी साडेबारा ते पावणेएकच्या मधे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. गच्चीवर स्टीलचा पेला उपडा ठेवा, सावली त्याच्याच पोटात शिरते आणि दिसेनाशी होते. आमच्या कोल्हापूरला हे ६ मेच्या आसपास होतं. जुलैअखेर तुमच्याकडे पुन्हा एकदा येतं पण तेव्हा ढग.

घरात बसून काय मोठं काम होणार असं वाटत असेल तर हे वाचा. हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज माणसाने ऑगस्ट १८३५ मध्ये स्वतःच्या घरातल्या जाळीदार खिडकीचा फोटो काढला, आज टिकून असलेलं सगळ्यात जुनं निगेटिव्ह ते. जेमतेम इंचभराचा कागद. म्हणजे निगेटिव्हवाल्या फोटोग्राफीची आज उरलेली सगळ्यात जुनी खूणच घरच्या खिडकीची आहे. आणि प्रागचा फोटोग्राफर योसेफ सुदेक, पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला, पुढे दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात असताना बाहेर हिंडून फोटो काढणं अवघड झालं, तर १९४० पासून १९५४ पर्यंत तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवरचं दव, बर्फ, बाहेरचं एक वाकडं झाड, काठावर ठेवलेला पाण्याचा ग्लास. खिडकी तीच, आणि दोन फोटो एकसारखे नाहीत. ते फोटो शोधून बघा, मोठ्या स्क्रीनवर बघा, घाई न करता.

पावसाळ्याबद्दल फार लिहीत नाही, ढगाळ उजेडात रंग आपोआप गडद येतात. पाऊस दिसायला हवा असेल तर मागे काहीतरी काळं आणि पलीकडून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड, शटर १/६० सेकंद ठेवलं तर रेघा, आणि भरपूर उजेड असेल तर १/१००० ला थेंब. कुंडीत अळू असेल तर पानावरचा थेंब अगदी जवळून बघा, त्यात तुमची खिडकी उलटी दिसेल.

एक विनंती, एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) ओढू नका. घरातल्या उजेडाला मुळातच इतके हलके रंग असतात, ते भडक केले की फोटो कुठल्याही घरातला वाटायला लागतो. आणि वर्षातून एकदा निवडक फोटो प्रिंट करून घ्या, साध्या ४ बाय ६ मध्ये चालतील. सासूबाई मोबाइलमधला फोटो क्षणभर बघतील, पण हातात कागद दिलात की चष्मा लावून बसतील आणि त्या खोलीतल्या आणखी चार जुन्या गोष्टी सांगतील, मग पुढचे फोटो कशाचे ते वेगळं विचारावं लागणार नाही.

आता लेन्स. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (आतली उजेड टिपणारी चकती) छोटा असणार, त्यावर ५० एमएम म्हणजे जवळजवळ ७५-८० एमएम इतकं जवळचं दिसतं, दोन खोल्यांच्या घरात मागे सरकायला जागाच उरत नाही. घरासाठी ३५ एमएम एफ १.८ बरी (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून जास्त उजेड आत येतो). पण आत्ता घेऊ नका, आधी किट लेन्स ३५ वर ठेवून दोन-तीन महिने तशीच वापरा, जमतंय का बघा. निकॉनची सुरुवातीच्या लेव्हलची बॉडी असेल तर जुन्या डी टाइप लेन्सचा (ज्यांच्यात स्वतःची फोकसची मोटर नसते) ऑटोफोकस त्यावर चालत नाही, सेकंडहँड घेताना हे नक्की बघा. आणि त्याआधी भावाच्या लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतायत का तपासा, डोंबिवलीच्या दमट हवेत हे फार होतं. बुरशी नसेल तर हवाबंद प्लॅस्टिकचा डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल एवढा खर्च या महिन्यात करा, लेन्सचं दिवाळीनंतर बघू.