पहिली सेंटरफायर रायफल: .२२३ घ्या, जाड नळीची घ्या, उरलेला पैसा काडतुसांत घाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टार्गेटसाठी पहिली सेंटरफायर रायफल (जिच्या काडतुसाची टोपी बुडाच्या मधोमध असते ती) घ्यायची आहे, बजेट बेताचं आहे, .२२३, .३०८ आणि ६.५ क्रीडमूर या तीन काडतुसांत मन ठरत नाही, आणि क्लबातली जुनी मंडळी सांगतायत की थांबा, पैसे साठवा, एकदाच काय ती भारी रायफल घ्या. या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलोय. हा सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि त्यानं चांगला नेमबाज कसा वाया जायला लागतो तेही जवळून पाहिलंय.

आधी सरळ उत्तर. .२२३ रेमिंग्टन, जाड नळी, नळीच्या आतला पीळ १:८ किंवा १:७ (म्हणजे आठ किंवा सात इंचांत एक फेरा), ट्रिगर स्वतःला कमी-जास्त करता येईल असा. टिक्का टी३एक्स वार्मिंट परवडत असेल तर डोळे झाकून घ्या. नसेल तर हाउवा १५००ची जाड नळीवाली, किंवा सॅव्हेज. अगदीच हात आखडता असेल तर रुगर अमेरिकन प्रेडेटर. तिची नळी किमतीच्या मानानं फार चांगली आहे, दस्ता मात्र पुढच्या बाजूला लवतो. बायपॉडवर, म्हणजे पुढच्या दोन पायांच्या टेकूवर, भार टाकलात की तो नळीला टेकतोय का बघा. नळी आणि दस्त्याच्या मधून कागदाची पट्टी सरकवायची, अडली की समजायचं. या चारांत उन्नीस-बीस आहे. यावरून लोक तासन् तास भांडतात ते मला कधीच पटलेलं नाही.

आता काडतूस .२२३च का, ते.

आमच्या क्लबात एक ज्येष्ठ नेमबाज होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. त्यांचा दरारा मोठा आणि मतं ठाम: .३०८च्या खाली जे काही आहे ते खेळणं. एअर रायफलवर हात तयार झालेली एक मुलगी आमच्याकडे सेंटरफायर शिकायला आली. तिचा ट्रिगर इतका स्वच्छ होता की मी माझं सोडून तिचं बोट बघत बसायचो. नानांनी पहिल्याच दिवशी तिच्या हातात बारीक नळीची, हलकी, शिकारीसाठी बनवलेली .३०८ दिली. "यातच शीक, म्हणजे पुढे कशाची भीती राहणार नाही."

सुरुवातीच्या गोळ्या बऱ्या गेल्या. मग हळूहळू सगळं खाली आणि बाजूला जायला लागलं. नाना म्हणाले, स्कोप ढिला झालाय. स्कोप काढून पुन्हा बसवला. मग म्हणाले, काडतुसं बदल. तीही बदलली. मग बेडिंगचे, म्हणजे रायफल दस्त्यात घट्ट धरणारे, स्क्रू. पैसा जात होता आणि ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा पुंजका, पसरतच होता. शेवटी सगळ्यांसमोर म्हणाले, "नानी, तू मनानं कच्ची आहेस." 'नानी' हे ते लाडानं म्हणायचे, पण त्या दिवशी ती रायफल पिशवीत घालून काही न बोलता निघून गेली.

पुढच्या वेळी मी तिला विचारलं, मॅगझिन मी भरू का? तिला माहीत होतं मी काय करणार ते, आणि तिनं होकार दिला. खऱ्या काडतुसांत मधेच एक डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस, घातलं, कितव्या नंबरला ते सांगितलं नाही. दोन बार झाले. तिसऱ्याला नुसता टक् असा आवाज आला आणि नळीचं टोक चांगलं चार बोटं खाली गेलं. खांदा पुढे आला, डोळे गच्च मिटले. धक्का बसायच्या आधीच शरीर धक्क्याला सामोरं जात होतं. नाना मागेच उभे होते. त्यांनीही पाहिलं.

हा मनाचा कच्चेपणा नव्हे. सारख्याच वजनाच्या रायफलीत .३०८च्या धक्क्याची ऊर्जा .२२३च्या चार-पाच पट असते. नळी बारीक आणि रायफल हलकी असली की तो धक्का आणखी जोरात लागतो. कानाशी स्फोट आणि खांद्यावर मार बसला की शरीर दचकायला शिकतं, तुम्ही शिकवा वा न शिकवा. आणि एकदा शिकलेलं ते मोडायला फार काळ जातो. तिला मी माझी .२२३ दिली. आधी रिकाम्या रायफलीवर चाप ओढायचा सराव, मग पुन्हा खरी काडतुसं, मधेमधे डमी. काही आठवड्यांत टोक हलायचं थांबलं, आणि गोळ्या परत मध्यावर यायला लागल्या. तेव्हा नाना काय म्हणाले? "खेळण्यावर कोणीही मारेल." ते वाक्य मला अजून बोचतं. त्या मुलीनं नंतर .३०८ही उत्तम चालवली, पण ती .२२३वर सावरली म्हणून.

खेळणं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत एफ-टीआर नावाचा गट आहे, त्यात फक्त दोनच काडतुसं चालतात: .२२३ आणि .३०८. म्हणजे ज्या नियमांनी नानांच्या लाडक्या .३०८ला जागा दिली, त्याच नियमांनी या खेळण्याला तिच्या शेजारी बसवलंय. आणि ६.५ क्रीडमूर, जे २००७मध्ये आलं आणि आज सगळ्यांच्या तोंडी आहे, ते त्या गटात चालतच नाही. म्हणून काडतूस ठरवायच्या आधी तुमच्या क्लबात कुठल्या गटात नेमबाजी होते ते विचारा.

पिळाबद्दल जरा सविस्तर, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. .२२३ची जुन्या धाटणीची नळी १:१२ पिळाची असते. तिच्यातून ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी सुंदर जाते, पण टार्गेटसाठीची ६९ किंवा ७७ ग्रेनची लांब गोळी स्थिर होत नाही. कागदावर गोल भोकाऐवजी आडवं, लांबट भोक दिसलं की गोळी कोलमडत गेली म्हणायची. टिक्काचं एकच मॉडेल १:८ आणि १:१२ अशा दोन्ही पिळांत विकलं गेलंय, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तेव्हा वापरलेली रायफल घेताना नळीवर किंवा कागदावर पीळ स्वतः वाचा. विकणारा "सगळ्या गोळ्या चालतात" म्हणाला तरी वाचा.

आता अचूकतेच्या दाव्यांकडे येतो. नाना खिशात एक कार्ड बाळगायचे. त्यावर शंभर मीटरवरच्या तीन गोळ्या, एकमेकींना चिकटलेल्या. कोणी फॅक्टरी रायफलचं नाव काढलं की कार्ड बाहेर. बरेच कारखानेही तीन गोळ्यांच्या ग्रुपवरच एक मिनिटाची हमी देतात. हे मिनिट वेळेचं नव्हे, कोनाचं: एका अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर एक मिनिट म्हणजे साधारण २९ मिलिमीटर. पण तीन गोळ्यांचा ग्रुप रायफलीबद्दल फार थोडं सांगतो. तीच रायफल, तीच काडतुसं, तोच माणूस: तीनऐवजी पाच मारल्या तर ग्रुप सरासरी सव्वापट होतो आणि दहा मारल्या तर दीडपटीहून जास्त. रायफल बिघडलेली नसते, आता कुठे खरं दिसायला लागलेलं असतं. मी नानांना दहा गोळ्यांचं कार्ड दाखवा म्हणून कितीदा विनवलं. एकदाही दाखवलं नाही. तुम्हालाही कोणी छोटा ग्रुप दाखवून महागडी रायफल घ्यायला लावत असेल, तर आधी दहा गोळ्या मागा.

जाड नळीचा हट्टही यासाठीच. बारीक नळी तापली की गोळ्या सरकायला लागतात, आणि शिकणाऱ्याला कळत नाही की चुकतंय कोण, आपण की नळी. वजन जास्त होतं हे खरं, पण तुम्हाला ती घेऊन डोंगर चढायचा नाहीये.

"एकदाच भारी घ्या" हे गणितानंही टिकत नाही. ६.५ क्रीडमूरची नळी नेमबाजीच्या दृष्टीनं साधारण दोन-तीन हजार गोळ्यांत उतरते. नवशिक्या ती पहिली हजारेक गोळ्यांची अचूकता स्वतःच्या चुका शोधण्यात घालवणार. महागडी नळी त्यात जाळायची कशाला? .२२३ची नळी कितीतरी जास्त टिकते, काडतूस स्वस्त पडतं, म्हणून माणूस जास्त मारतो आणि लवकर शिकतो. सॅव्हेज घेतलीत तर आणखी एक सोय: तिची नळी नटनं बसवलेली असते, त्यामुळे पुढे गेज (मोजमापाचं साधन) वापरून नळी बदलणं तुलनेनं सोपं जातं. ज्याला हे काम येत नाही त्यानं मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावं, हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि नळीमध्ये काडतुसाला मिळणारी जागा, चुकलं तर जिवावर बेतू शकतं.

थोडं राहिलेलं. स्कोपमध्ये कंजूषी करू नका. पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) जुळवता येणारा आणि क्लिक (नेम हलवायच्या चकतीचे टप्पे) खरे मोजणारा हवा. उंच कागदावर उभी रेघ मारून, ठरावीक क्लिक वर-खाली करून गोळी मोजून बघा. कान झाकल्याशिवाय एकही बार काढू नका, .२२३ लहान असली तरी आवाजात लहान नाही. काही देशांत लष्कर वापरतं त्या मापांची काडतुसं सामान्य नागरिकाला ठेवता येत नाहीत, आणि त्यात .२२३ आणि .३०८ दोन्ही अडकू शकतात. तसं असेल तर माझं वरचं उत्तर बाजूला ठेवून कमी धक्क्याचं जे काडतूस परवान्यावर मिळतं ते घ्या. आणि तुम्ही आधीच .३०८ वापरून बघितली असेल आणि डमी घालूनही टोक हलत नसेल, तर .३०८ खुशाल घ्या, माझी हरकत नाही.

तुमची रेंज किती मीटरची आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. ३००पर्यंत असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू. नेहमी ६०० आणि त्यापुढे मारणार असाल तर वाऱ्यात ६.५चा फायदा खरा आहे, पण तो फायदा उचलण्याइतका वारा वाचता यायलाही वेळ लागतो. तोवर ७७ ग्रेनची गोळी, १:८ची नळी आणि एक वही: वारा किती, कुठून, आणि गोळी कुठे गेली.