मार्चची वाट बघू नका

«शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पॅटर्न शॉपला (ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवतात तिथं) २९ वर्षं झाली. मार्चमध्ये ५८ पूर्ण होतात. मालक म्हणतात, अजून दोन वर्षं थांबा. बायको म्हणते, कंपनीला दिलं तेवढं पुरे, आता घरी बसा. मला जलरंग शिकायचे आहेत. पाच वर्षांपूर्वी रंग घेतले, ट्यूबा वाळून गेल्या. सोमवारी सुट्टी असते, पण अंगात त्राण नसतं. आधी निवृत्त होऊ द्यावं, मग निवांत सुरू करावं, असं वाटतं. काय करू?» — एक वाचक, कोल्हापूर

नमस्कार दादा,

मालकांना लगेच हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. अटी घाला. आठवड्याला तीन दिवस, सकाळी ९ ते १, मुदत सहा महिने, काम एकच: दोन पोरं तयार करायची आणि जुन्या पॅटर्नची माहिती कागदावर आणायची. हे लेखी घ्या. रात्री मेटल ओतताना अडलं तर फोन कुणाला करायचा, तेही त्यातच लिहून घ्या, कारण अर्धवेळ काम पूर्णवेळ होतं ते अशा फोनांमुळेच. मालकांना पूर्ण दिवसच हवा असेल, तर तीच नोकरी दोन वर्षं लांबली एवढंच समजा.

पैशाचं आधी बघा. पीएफची पेन्शन १५,००० पगाराच्या मर्यादेवर बसत असेल, तर ती साडेसात हजारांच्या आतच राहते. ती ५८ ला न घेता ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढते. नुसतं त्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. ग्रॅच्युइटी-फंडाची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकता येते. ५५ नंतर निवृत्त झालेल्यांना त्यासाठी साठीची अट नाही, मर्यादा ३० लाख, व्याज दर तिमाहीला. आणि कंपनीचा मेडिक्लेम असेल तर तो बहुधा नोकरीबरोबरच संपेल. स्वतःचा आत्ताच काढा, कारण बीपी-शुगरसारख्या जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. हे बसलं की महिन्याला किती कमी पडतं ते वहिनींबरोबर बसून मांडा. तेवढ्यापुरतंच काम घ्या.

आता खरं दुखणं. निवृत्त झाल्यावर वेळ आपोआप मिळत नाही, दादा. रिकामा दिवस दिसला की लाइटबिल, लग्नं, पाहुणे, कॉलनीची कमिटी, सगळं त्यात येऊन बसतं. आधीपासून ठरलेला तास तेवढा टिकतो. म्हणून आजपासून आठवड्यातले तीन दिवस सकाळी उजाडल्यावर पाऊण तास, आणि सोमवारी दीड तास. संध्याकाळ नको. शिफ्टनंतर खांदे जड असतात आणि ट्यूबलाइटखाली रंगाचा अंदाज चुकतो. जागाही कायमची हवी. बोर्ड रोज काढून ठेवायचा झाला तर आठवड्याभरात बंद पडेल. खिडकीजवळचं दोन फुटांचं टेबल पुरे, फक्त कागदावर थेट ऊन नको.

वाळलेल्या ट्यूबा टाकू नका. जलरंगात डिंक असतो, तो पाण्यात पुन्हा विरघळतो. ब्लेडनं ट्यूब उभी चिरा, गोळा पॅलेटच्या खणात ठेवा, चार थेंब पाणी घालून रात्रभर राहू द्या. बुरशी धरली असेल तरच फेका. सुरुवातीला अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, क्रिमसन आणि एक लिंबू पिवळा एवढेच. काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून दगडाचे, ढगाचे सगळे करडे निघतात. तीनपेक्षा जास्त रंग एकत्र घोटले की चिखल होतो. ब्रश दोन, गोल ८ आणि १२ नंबर.

पैसे कागदावर घाला. ड्रॉइंग बुकचा पातळ कागद पाणी लागताच फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि माणूस समजतो आपला हात वाईट. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, २२ बाय ३० इंची मोठा कागद घ्या, त्याचे साडेसात बाय ११ चे आठ तुकडे होतात. चारी बाजूंनी टेप लावा, बोर्डाखाली एक पुस्तक सरकवा. पहिले तीन आठवडे चित्र नाहीच. फक्त वरून खाली सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, मग गडद-फिकट वॉश. अर्धवट वाळलेल्या भागात पुन्हा ओला ब्रश घातला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. एकतर ओलं असतानाच करा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात वॉश लवकर वाळत नाही आणि उघडा कागद दमट होऊन टिपकागदासारखा रंग पितो. जून ते सप्टेंबर कागद प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा आणि पेन्सिलीनं छायाप्रकाश घोटा. पॅटर्न बघून कास्टिंग कसं येईल ते डोळ्यासमोर आणता, म्हणजे घनाकाराची समज तुमच्यात आहेच. ती मोठी जमेची बाजू.

चष्म्याचं बघा. वाचायचा नंबर फूट-सव्वा फुटावर चालतो, बोर्ड त्याहून लांब असतो. डॉक्टरांना अंतर मोजून सांगा.

मध्ये एकदा राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात जा. तिथल्या निसर्गचित्रांत लांबची झाडं किती कमी तपशिलात उरकली आहेत, तेवढंच बघून या. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान रंकाळा, कोटितीर्थ अशा जागांची चित्रं पुन्हा पुन्हा काढत, तुम्हीही एकच जागा धरा. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर रंकाळ्यातला संध्यामठ चांगला, आकार मोठे आणि सावल्या स्पष्ट. सातला बसा, साडेआठला उठा. नऊनंतर उन्हानं सगळं सपाट दिसतं.

एक राहिलं. वहिनी घरी बसा म्हणतात, म्हणजे काय हवंय ते विचारलंत का? तुम्ही निवृत्त व्हाल, त्यांचा स्वयंपाक नाही. दुपारचा चहा आणि भाजी आणणं तुमच्याकडे घ्या, आणि तुमच्या सकाळसारखा त्यांचाही एक तास भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मालकांशी बोलण्याआधी हे करा.